पेटीतला उंदीर आणि भिंतीतलं भोक

काचीगुड्यातल्या जुन्या दुमजली घरांपासून कुकटपल्लीतल्या उंच इमारतींपर्यंत, हैदराबादेत पावसाचा जोर वाढला की उंदीर घरात येतात. नाल्याकाठची बिळं पाण्याने भरतात आणि वाट मिळेल तिथून ते वर चढतात. कधी ड्रेनेजच्या पाइपाला धरून, कधी एसीच्या नळीसाठी पाडलेल्या भोकातून, कधी मोरीच्या सैल जाळीखालून. सकाळी बटाट्यावर दातांच्या खुणा दिसतात, फ्रिजमागे काळ्या लेंड्या सापडतात, आणि त्याच दिवशी घरातलं कोणीतरी बाजार गाठतं. बेगम बाजारात तारेचं चूहेदान मिळतं, गोंदाचा पुठ्ठा मिळतो, विषाच्या वड्या मिळतात. आता त्यांच्या जोडीला बॅटरीवर चालणारी विजेची पेटीही आली आहे.

माझं मत आधीच सांगतो. घरात शिरलेला उंदीर मारावाच लागतो. लेप्टोस्पायरोसिस, अन्नातून होणारी विषबाधा, कुरतडलेल्या वायरींतून लागणारी आग हे धोके कोणत्याही भूतदयेने टळत नाहीत. मारायच्या मार्गांमध्ये चांगल्या बनावटीची विजेची पेटी त्यातल्या त्यात बरी आहे, आणि ज्या घरी ती शक्य आहे त्या घराने गोंद आणि विष सोडून तिच्याकडे वळावं, असं मला वाटतं. पण पेटी आणली म्हणजे उंदरांचा बंदोबस्त झाला, ही समजूत मात्र घातक आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र धरून बोलणारं कोणी फारसं भेटत नाही. विकणारा पहिली सांगतो, प्राणिमित्र दुसरी सांगतात.

पेटीचं काम समजून घेण्यासारखं आहे. लांबट प्लास्टिकचा डबा, एका टोकाला तोंड, दुसऱ्या टोकाला आमिषाची जागा, तळाला धातूच्या पट्ट्या. साध्या बॅटरीचे पाच-सहा व्होल्ट आतलं सर्किट काही हजार व्होल्टांपर्यंत चढवतं. डास मारायच्या बॅटमध्येही हेच तत्त्व असतं. उंदराचे पाय एकाच वेळी दोन पट्ट्यांवर पडले की त्याच्याच अंगातून सर्किट पूर्ण होतं. धक्का क्षणापुरता नसतो, काही मॉडेलमध्ये तो दोन मिनिटांपर्यंत सुरू राहतो, म्हणजे अर्धमेला उंदीर उठून पळू नये. मग बाहेरचा छोटा दिवा लुकलुकू लागतो. झाकण उघडलं की वीज तुटते, त्यामुळे लहान मुलाने चुकून उघडलं तरी धोका राहत नाही.

हे मरण वेदनेवाचून येतं असं मी म्हणणार नाही. वीज पायांतून शिरते, हृदयाची लय बिघडते, आणि शुद्ध हरपेपर्यंतचे काही सेकंद त्या जिवाला काय होतं हे आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय सगळा भरवसा बॅटरीवर आहे. बॅटरी उतरलेली असेल, पट्ट्यांवर मूत्र किंवा तेलकट थर साचला असेल, तर धक्का अपुरा पडतो आणि काही सेकंदांचं मरण लांबत जातं. म्हणून ज्याला पेटी महिन्याकाठी पुसायचा, बॅटरी बदलायचा कंटाळा आहे, त्याने ती घेऊच नये. लाकडी फळीवरचा स्प्रिंगचा सापळा मानेवर नेमका बसला तर तोही तितक्याच लवकर मारतो आणि कितीतरी स्वस्तात पडतो. तो शेपटीवर किंवा पायावर बसला, की मग ती रात्र उंदरासाठीही वाईट आणि घरासाठीही. पेटीत असा अर्धवट घाव बसण्याची शक्यता कमी असते, आणि माझ्या लेखी तिची खरी बाजू तेवढीच आहे.

आणखी एक गोष्ट पेटीसोबत येणाऱ्या कागदावर बहुधा नसते. घरातल्या छोट्या उंदरांची जात आणि काळा मोठा उंदीर यांचे स्वभाव वेगळे आहेत. छोटा उंदीर चौकस असतो, नवी वस्तू दिसली की तिच्यात डोकावतो, म्हणून पहिल्या-दुसऱ्या रात्रीच सापडतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला भितो. जिथे काल काही नव्हतं तिथे आज डबा दिसला तर तो दिवसेंदिवस त्याला वळसा घालून जाईल. त्याच्यासाठी पेटी बंद ठेवून चार-पाच रात्री नुसतं आमिष ठेवावं लागतं, भिंतीला लागून, तोंड त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. तो खाऊ लागला की मग बटण चालू करायचं. घुशीचं तर प्रकरणच निराळं. तेलुगू शेजारी जिला पंदिकोक्कू म्हणतात ती मोठी घूस किलोभर भरू शकते, ती या डब्यात मावतच नाही. आणि चिचुंद्री आत शिरते, ती बिचारी उंदराच्या कुळातलीही नाही. ती झुरळं आणि किडे खाते. तिच्या लांब सोंडेसारख्या तोंडावरून आणि उग्र वासावरून ती ओळखू येते. ती दिसली तर पेटी उचलून ठेवावी.

आता बाकीच्या मार्गांकडे पाहू. गोंदाचा पुठ्ठा स्वस्त आहे, म्हणून तो घरोघर दिसतो. उंदीर त्यावर चिकटतो आणि सुटण्यासाठी धडपडताना कातडी सोलवटून घेतो, पाय चावतो, तासन् तास ओरडतो. मरतो तो थकून, तहानेने किंवा नाक गोंदात बुडून. बहुतेक लोक तो पुठ्ठा दुमडून जिवंत उंदरासह कचऱ्यात टाकतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने या पुठ्ठ्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिलेल्या आहेत, आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा अनावश्यक यातनेला मनाई करतोच. इंग्लंडमध्ये २०२२ साली यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि २०२४ च्या जुलैअखेरपासून सामान्य माणसाने असा पुठ्ठा लावणं तिथे गुन्हा ठरलं. आपल्याकडे तो किराणा दुकानात साबणाशेजारी टांगलेला असतो. पुठ्ठ्यावर जे घडतं त्याला मी बंदोबस्त म्हणू शकत नाही.

विषाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. वॉरफरिन हे औषध आज हृदयरोग्यांना रक्त पातळ राहावं म्हणून दिलं जातं. ते आधी, १९४८ पासून, उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेतून. त्याच वर्गातलं पुढच्या पिढीचं ब्रोमॅडिओलोन आज आपल्या दुकानांत मिळतं. त्याचा परिणाम काही दिवसांनी होतो, त्यामुळे उंदीर त्रासाचा संबंध त्या अन्नाशी जोडू शकत नाही आणि ते टाळत नाही. हीच युक्ती त्याचा दोषही आहे. त्या दिवसांत आतल्या आत रक्तस्राव होणारा उंदीर हळू चालतो, उघड्यावर येतो, आणि त्याला मांजर, गव्हाणी घुबड किंवा घार उचलते. विष पुढे सरकतं. म्हणजे उंदीर मारता मारता आपण उंदीर खाणाऱ्यांनाही मारतो. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट याहून वाईट. तिच्यावर उतारा नाही, यकृत निकामी होतं, आणि ती माणसांच्या आत्महत्यांत आणि लहान मुलांच्या अपघातांत वारंवार आढळते. तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये तिच्या विक्रीवर बंदीचं पाऊल उचललं ते त्यामुळेच. ज्या घरात लहान मूल आहे, किंवा मन खचलेलं माणूस आहे, त्या घरात ही ट्यूब आणूच नये. एका उंदरापायी एवढी जोखीम घरात ठेवणं मला समजूच शकत नाही.

उरला पिंजरा. आपल्याकडे त्याला दयेचा मान आहे. भजी किंवा पोळीचा तुकडा लावायचा, सकाळी पिंजरा पिशवीत घालून नाल्यापलीकडे नेऊन सोडायचा. या दयेबद्दल मला आदर आहे, पण ती पूर्ण नाही. सोडलेला उंदीर अनोळखी जागेत, दुसऱ्या उंदरांच्या हद्दीत पडतो, आणि वाचलाच तर जवळच्या घरात शिरतो. नाल्याकाठचं ते घर बहुधा आपल्यापेक्षा गरीब माणसाचं असतं. पिंजऱ्याचा दुसरा शेवट म्हणजे तो पाण्याच्या बादलीत बुडवणं. तो माझ्या लहानपणी कित्येक घरांत रूढ होता, आजही आहे. बुडणाऱ्या जिवाची धडपड मिनिटं चालते. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने बुडवून मारणं स्पष्टपणे अमान्य ठरवलं आहे. गणपतीत उंदीर मारू नये म्हणून काही घरांत ते दहा दिवस काहीच लावत नाहीत, आणि अकराव्या दिवशी गोंदाचा पुठ्ठा निघतो. मूषकाला गणपतीच्या पायाशी बसवणाऱ्या घराला याहून सुसंगत वागणं जमायला हवं. मारायचं ठरवलं तर लवकर मारावं, आणि मारायची वेळ कमीत कमी यावी अशी व्यवस्था वर्षभर करावी.

विजेच्या नावाने चालणाऱ्या एका प्रकाराबद्दल मात्र कोणतीही सवलत देता येत नाही. काही लोक घरातल्या प्लगमधून उघडी तार काढून ती गोदामाच्या दारात किंवा शेताच्या बांधावर पसरतात. तिथे २३० व्होल्ट आणि घरच्या लाइनीचा पूर्ण प्रवाह असतो. बॅटरीच्या पेटीत व्होल्ट हजारोंनी असले तरी प्रवाह अगदी थोडा, आणि तोही बंद डब्याच्या आत. दोन्हींना एकच नाव देणं धोकादायक आहे. इंडोनेशियात जावा बेटावरच्या स्रागेन जिल्ह्यात भातशेतीतल्या उंदरांसाठी शेतकऱ्यांनी अशा तारा लावल्या आणि काही वर्षांत डझनांनी माणसं दगावली, त्यांत कितीतरी ती तार स्वतः लावणारेच होते. आपल्याकडे रानडुकरांसाठी लावलेल्या तारांनी माणसं आणि गुरं मेल्याच्या बातम्या तेलंगणात आणि विदर्भात पावसाळ्यात येतच असतात. ओल्या जमिनीवर उघडी तार टाकणारा माणूस शेजाऱ्याच्या मुलाच्या जिवाशी खेळत असतो. त्याचं जुगाडू म्हणून कौतुक होऊ नये, पोलिसांत तक्रार व्हावी.

इथवर मारण्याबद्दल झालं. माझा मुख्य मुद्दा मारण्याच्या पलीकडचा आहे.

घरातल्या उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच-सात पिल्लं होतात, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत वयात येतात. पेटीत आठवड्याला दोन उंदीर सापडत असतील तर आपण त्या कुळाचं व्याज तोडतो आहोत, मुद्दल शाबूत आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गल्लीगल्लीत मोजून दाखवलं. विषाने उंदीर मारले की संख्या घटायची, पण उरलेल्यांना अन्न आणि जागा मुबलक मिळायची, ते जोमाने वाढायचे आणि संख्या पुन्हा पूर्ववत व्हायची. जिथे कचरा झाकला गेला, मोडकी अंगणं आणि भिंती दुरुस्त झाल्या, तिथे संख्या घटली ती घटलेलीच राहिली. गल्लीत किती उंदीर राहतील हे त्या गल्लीतलं अन्न आणि बिळं ठरवतात.

म्हणूनच मेलेल्या उंदरांची गणती हा बंदोबस्ताचा पुरावा होऊ शकत नाही. मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे मूषकसंहारक काठी आणि विजेरी घेऊन बाजारांत फिरतात, रात्रीला तीस उंदरांचं लक्ष्य गाठतात. अतिशय कष्टाचं आणि घाणीतलं काम, आणि त्या माणसांबद्दल मला मान आहे. पण ते पिढ्यान् पिढ्या चालू आहे यातच सगळं आलं. २०१८ साली महाराष्ट्र विधानसभेत आमदार एकनाथ खडसे यांनी मंत्रालयातल्या उंदीर निर्मूलनाच्या कंत्राटावर बोट ठेवलं: सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारल्याचा हिशेब. सरकारने नंतर तो आकडा विषाच्या गोळ्यांचा असल्याचं सांगितलं. आकडा कशाचाही असो, मंत्रालयाच्या इमारतीत उंदीर कुठून शिरतात आणि काय खातात हा प्रश्न त्या सगळ्या वादात कोणी विचारला नाही, याची मला जास्त खंत आहे.

तो प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्याकडे होती. प्लेगने ती शिकवली. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग फुटला, आणि दोन वर्षांनी पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरावरच्या पिसवांतून तो माणसापर्यंत येतो हे प्रयोगाने दाखवलं. पुढे मुंबईतल्या प्लेग संशोधन आयोगाने हजारो उंदीर तपासून ते पक्कं केलं. माणसाच्या अगदी जवळ, छपरात आणि धान्याच्या पोत्यांमागे राहणारा काळा उंदीर हाच मुख्य दुवा निघाला. मुंबईत १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, ज्याच्या बीआयटी चाळी आजही उभ्या आहेत. हैदराबादेत १९०८ चा मुसी नदीचा महापूर आणि १९११ चा प्लेग यांच्या पाठोपाठ १९१२ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड आलं. दाट वस्त्या मोकळ्या करणं, रस्ते रुंद करणं, गटारं काढणं, गरिबांसाठी हवेशीर घरं बांधणं, हे त्याचं काम. या मंडळांचा इतिहास निर्दोष नाही. मुंबईच्या ट्रस्टने सुरुवातीच्या काळात पाडलेल्या खोल्यांइतक्या खोल्या बांधल्या नाहीत, आणि बेघर झालेली माणसं शेजारच्या दाट वस्तीत कोंबली गेली. तरी त्या पिढीला एक गोष्ट उमगली होती, की उंदराशी लढाई घराच्या बांधणीत लढावी लागते.

जुन्या हैदराबाद संस्थानातलाच एक जिल्हा हे पुन्हा दाखवून गेला, तेही फार मागे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बीड जिल्ह्यातल्या मामला गावचे लोक भीतीने घरं सोडून बाहेर राहू लागले. धान्य मात्र घरांत राहिलं. माणूस नाही, मांजर नाही, पोती भरलेली. उंदीर माजले, आणि १९९४ च्या ऑगस्टमध्ये उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा उपद्रव सुरू झाला, पाठोपाठ गाठींचा ताप आला. दशकांनंतर देशात प्लेगचं नाव पुन्हा ऐकू आलं. त्या घटनेचं जे कारण सांगितलं गेलं ते ऐकून मला नेहमी वाटतं, की त्या गावात हजार पेट्या लावल्या असत्या तरी ती पोती तशीच पडलेली असेपर्यंत काय फरक पडला असता? सुरतेनेही त्याच वर्षी प्लेग अनुभवला, आणि १९९५ नंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात त्या शहराने कचरा उचलण्याची आणि झाडण्याची शिस्त लावून स्वतःला बदलून दाखवलं.

हैदराबादला आज प्लेगची भीती नाही, पण उंदरांचं अन्न आणि बिळं दोन्ही वाढत आहेत. कचरा नेणारा ‘स्वच्छ ऑटो’ दारावर येतो, आणि तरी ज्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं ढीग पडतो तिथे तो रात्री पुन्हा पडतो. हॉटेलांची आणि मांसविक्रीची घाण नाल्यात जाते. २०२२ च्या मार्चअखेर वरंगळच्या सरकारी रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला उंदरांनी चावे घेतले, त्याला हैदराबादला निम्स रुग्णालयात हलवलं, आणि तो वाचला नाही. मृत्यूचं कारण त्याचा मूळ आजार असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, पण अतिदक्षता विभागात उंदीर पोहोचतोच कसा, याचं उत्तर आजाराच्या नावात सापडत नाही. ते पाइपांच्या आणि छताच्या भोकांत सापडतं. राजेंद्रनगरला राष्ट्रीय वनस्पती स्वास्थ्य व्यवस्थापन संस्था आहे, तिथे मूषक नियंत्रणाचं प्रशिक्षण दिलं जातं. ज्ञान याच शहरात आहे. ते इमारतींच्या आराखड्यांत आणि देखभालीत उतरत नाही.

घरापुरतं बोलायचं तर काम फार नाही. छोट्या उंदराला सहा-सात मिलिमीटरचं भोक पुरतं, म्हणजे पेन्सिल शिरते तिथे तोही शिरतो. पाइपाभोवतीच्या फटीत स्टीलची घासणी कोंबून वरून सिमेंट लावलं तर तो ती कुरतडू शकत नाही. नुसता फोम किंवा कापड लावलं तर एका रात्रीत पार. दाराखालची फट, एसीचं भोक, मोरीची जाळी, माळ्यावरची जुनी वर्तमानपत्रं. तांदूळ-डाळ पत्र्याच्या डब्यात, मांजराचं खाणं रात्री उचललेलं. हे केल्यावर आत अडकलेल्या दोन-चार उंदरांसाठी पेटी लावावी. तेव्हा ती खरंच उपयोगी पडते, कारण नवे येत नाहीत. मेलेला उंदीर हातमोजे घालून पिशवीत घालावा, पिशवीला गाठ मारावी, पेटी आणि जमीन ब्लीचच्या पाण्याने पुसावी, लेंड्या कोरड्या झाडू नयेत.

आणि हे काम पेटी विकत घेणाऱ्याने स्वतः करावं. याबद्दल मी आग्रही आहे. दिवा लुकलुकू लागला की आपण धुणंभांडी करणाऱ्या ताईंना हाक मारतो, किंवा वॉचमनला वर बोलावतो. मारण्याचा निर्णय आपला, पैसे आपले, पण मेलेल्या जिवाला हात लावण्याची वेळ आली की तो हात दुसऱ्याचा. त्या हातांना मोजे नसतात. लेप्टोचा जंतू उंदराच्या मूत्रातून, कातडीवरच्या साध्या खरचटण्यातून शिरतो, आणि आजारी पडल्यावर त्या माणसाची मजुरी बुडते ती कोणी भरून देत नाही.

हैदराबादच्या अपार्टमेंटांत वॉचमनचं कुटुंब बहुधा खालच्या पार्किंगमधल्या एका खोलीत राहतं. तिथेच ड्रेनेजचे चेंबर, तिथेच इमारतीचा कचरा रात्रभर ठेवलेला, तिथेच लिफ्टचा खड्डा. वरच्या मजल्यांनी आपापली भोकं बुजवली, पेट्या लावल्या, विष ठेवलं, की उंदीर उतरून त्याच खोलीत जातात, आणि जमिनीवर झोपतात ती त्या खोलीतली मुलं. सोसायटीच्या वार्षिक सभेत पेस्ट कंट्रोलच्या कंत्राटावर तासभर चर्चा होते. तिथे पहिला ठराव चेंबरच्या झाकणांचा, बंद होणाऱ्या कचरापेट्यांचा आणि वॉचमनच्या खोलीच्या दाराला पत्रा व खिडकीला बारीक जाळी लावण्याचा व्हावा. खर्च एका हंगामाच्या विषाच्या बिलाहून फार जास्त येणार नाही. पेट्यांचा ठराव त्यानंतर घ्यावा, आणि त्यातही पहिली पेटी तळमजल्यावर लागावी, तिची बॅटरी सोसायटीने भरावी आणि ती रिकामी करण्याची पाळी सभासदांमध्ये वाटून घ्यावी.